पाऊण मापाचं घर

रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला जावई नमुना फ्लॅटमधल्या पलंगावर आडवा झाला आणि त्याची दोन्ही पावलं, घोट्यांसकट, पलंगाबाहेर आली.

खोलीत त्या वेळी पाच जण होते. जावई, त्याची आई, त्याची बायको, बिल्डरच्या ऑफिसातली मॅडम आणि हा फ्लॅट ज्यांनी सजवला ते मास्तर. मास्तर हे जावयाच्या बायकोचे वडील. म्हणजे पावलं जावयाची होती, पलंग सासऱ्याचा होता, आणि दोघांचं जमत नाही हे सगळ्यांना एकाच वेळी दिसलं.

"सर, आपण जरा जास्तच उंच आहात," मॅडम म्हणाली. चेहऱ्यावरचं हसू तिनं जागचं हलू दिलं नाही.

"मी घरीही एवढाच असतो," जावई छताकडे बघत म्हणाला.

"ऊठ आधी! बूट घालून पलंगावर?"

"बूट दारात काढलेत, आई. हे माझे पाय आहेत."

मास्तरांनी खिशात हात घातला. खिशात मोजायची टेप होती. त्यांनी ती बाहेर काढली नाही, नुसती मुठीत धरली.

मास्तरांचं मूळ काम नाटकाच्या नेपथ्याचं. रंगमंचाच्या वीसपंचवीस पावलांत राजवाडा, कोर्ट, इस्पितळ, जहाजाचा डेक, काय म्हणाल ते त्यांनी उभं केलं होतं. त्यातली मेख साधी. मागच्या रांगेतले खांब पुढच्यांपेक्षा बुटके करायचे, मागची खिडकी लहान ठेवायची, की प्रेक्षकाला वाटतं महाल लांबवर पसरलाय. पुढे नाटकवाले दोन खुर्च्या आणि एका काळ्या पडद्यावर भागवायला लागले, त्याला प्रयोग म्हणायला लागले, आणि मास्तर घरी बसले. घरी बसलेल्या माणसाला कोणी भेटायला आलं की त्याला आपली गरज कुणाला तरी आहे असं वाटतं. भेटायला आला तो बिल्डर.

"माझी खोली लहान आहे," साहेब म्हणाले होते. "ती मोठी दिसली पाहिजे. भिंतीला हात लावायचा नाही. भिंतीचं माप कागदावर आहे. बाकी काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

मास्तरांनी ठरवलं. भिंती जिथल्या तिथे ठेवल्या आणि आतलं सगळं पाऊण मापात केलं. पलंग, कपाट, सोफा, जेवणाचं टेबल, उशा, गालिचा. कपाट इतकं उथळ की हँगर आडवा मावत नव्हता, म्हणून त्यात घडी करून तीन मुलायम टॉवेल ठेवले. पुस्तकांच्या फळीवर पुस्तकांच्या नुसत्या पाठी चिकटवल्या. खिडकीमागे दिवा लावून एका झाडाचा फोटो ताणला. खोल्यांना दारंच बसवली नाहीत, कारण उघडणारं दार जागा खातं. दारं पॉलिशला गेली आहेत, असं मॅडम गेल्या हिवाळ्यापासून सांगत होती. कमोडवर फर्नची एक सुरेख कुंडी होती. खाली पाइप जोडलेलाच नव्हता. सुरुवातीच्या दिवसांत एका आजोबांनी जे दिसतं त्यावर विश्वास ठेवला होता. कुंडी त्यानंतर आली.

"मास्तर, ह्यावर झोपणार कोण?" पलंगाचे पाय कापताना त्यांच्या सुतारानं विचारलं होतं.

"झोपायला कोण येतंय? लोक बघायला येतात."

मास्तरांनी पात्रनिवडही केली. फ्लॅट दाखवायला आधी एक ताडमाड सेल्समन होता. तो सोफ्याशेजारी उभा राहिला की सोफा बालवाडीतला वाटायचा. मास्तरांच्या सांगण्यावरून साहेबांनी त्याला पार्किंग दाखवायच्या कामावर पाठवलं आणि जेमतेम खांद्याला लागेल अशी ही मॅडम आणली. सगळं जमून आलं होतं. साहेब खूश होते. पुढच्या तीन इमारतींचे नमुना फ्लॅट मास्तरांनीच करायचे, असा शब्दही देऊन झाला होता.

एवढं यश पदरात पडल्यावर माणूस गप्प कसा बसेल? लेकीच्या सासरी जेवायला गेले तेव्हा मास्तरांनी विषय काढला. "पूर्ण फ्लॅट मी सजवला. लोक आत आले की दोन मिनिटं बोलतच नाहीत." मापाचं बोलले नाहीत. विहीणबाईंनी दुसऱ्यांदा वाढलं.

लेकीनं ते लक्षात ठेवलं. तिचा धंदा कपड्यांचे नमुने बेतण्याचा. कोट, झगे, गणवेश यांचे कागदी साचे ती शिवणाऱ्यांना कापून देते. या कामाला लांबरुंद टेबल लागतं. सासरी ते नव्हतं. बाहेरच्या खोलीत, जेवणं उरकल्यावर, ती जमिनीवर कागद पसरून गुडघ्यांवर काम करी. कोणी पाहुणे आले की विहीणबाई म्हणायच्या, "सूनबाई, तुझा तो पसारा आवर," आणि अर्धा बेतलेला कोट गुंडाळी होऊन सोफ्याखाली जाई. नवीन घर घ्यायचं ठरलं तेव्हा तिनं एवढंच मागितलं, की खोलीत माझं टेबल मावलं पाहिजे. बिल्डरच्या माहितीपत्रकात तिनं ही खोली पाहिली. पलंग, कपाट, आणि खिडकीखाली टेबल. तिन्हींमधून फिरायला जागा.

"हेच घ्यायचं," ती नवऱ्याला म्हणाली होती. "बाबांनी केलंय. बघायचीसुद्धा गरज नाही."

"बघून तर येऊ," नवरा म्हणाला होता. इतक्या उंच माणसाला दाराच्या चौकटी बघून यायची सवय असते.

त्या रविवारी सकाळी मास्तरांच्या बायकोनं त्यांना वर्कशॉपवर फोन केला. "लेक, जावई आणि विहीणबाई निघालेत. तुम्हाला सरप्राइज द्यायचंय म्हणे. मी काही सांगितलं नाही असं समजा."

"कुठे निघालेत?"

"तुमच्या त्या बाहुलीच्या घरात. बुकिंग करायला."

मास्तर रिक्षानं धावत पोचले तेव्हा मंडळी बाहेरच्या खोलीत उभी होती. मास्तरांनी तोंड उघडलं. नेमकं त्याच क्षणी विहीणबाईंनी कौतुकाला सुरुवात केली, आणि कौतुक चालू असताना मध्ये बोलायची मास्तरांना सवय नव्हती.

"अगं बाई, काय ही खोली! मास्तर, तुम्ही नुसते मास्तर नाही हो. जादूगार आहात. माझ्या बहिणीचा फ्लॅट बघा, बुकिंगच्या वेळी केवढी मिरवली होती. तिच्या हॉलमध्ये एक सोफा ठेवला की माणसांनी कडेकडेनं जायचं. इथे बघा, सोफा आहे, टेबल आहे, वर नाच करा!"

मॅडमनं मान हलवली. मास्तरांनीही हलवली. मग सगळे आतल्या खोलीत आले आणि जावई, जो वाटेत आईमागे चार दुकानं हिंडला होता, "एक मिनिट हं," म्हणून आडवा झाला.

आता तो उठून बसला होता आणि पलंगाकडे वळून वळून बघत होता.

"मॅडम, हा पलंग लहान मुलांच्या खोलीतला इकडे आला का?"

"नाही सर, मास्टर बेडरूमच आहे ही. आजकाल सडपातळ डिझाइन चालतं."

"मी रुंदीचं नाही म्हणत."

"तुझं कायम काहीतरी असतं," विहीणबाई म्हणाल्या. "शाळेत बाकही पुरत नव्हता."

लेक या बोलण्यात नव्हती. ती खिडकीखालच्या टेबलाशी जाऊन बसली होती. खुर्ची पुढे ओढली तर गुडघे वर टेकले. तिनं दोन्ही हात टेबलावर पसरले. कोपरं बाहेर राहिली. हात तसेच ठेवून ती वळली आणि वडिलांकडे पाहिलं.

"बाबा, माळ्यावर आपलं एक टेबल आहे. राजवाड्याच्या नाटकातलं, मागच्या दालनातल्या कारकुनाचं. मी तिसरीपर्यंत त्यावर अभ्यास केला. मग माझे गुडघे लागायला लागले."

मास्तर टेबलाच्या पायांकडे बघू लागले.

"हे तेच आहे ना?"

"ते नाही," मास्तर म्हणाले. "तसं आहे."

मॅडम पटकन पुढे झाली. आवाज आणखी गोड केला. "मास्तर, पुढच्या तीन इमारतींचं काम साहेबांनी तुमच्यासाठीच ठेवलंय ना? परवाच तुमचं नाव निघालं होतं."

मास्तरांना ते नीट ऐकू आलं. त्यांच्या मुठीत टेप होती, समोर लेक पाऊण मापाच्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, आणि ती तिसरीतली दिसत होती. खोली मात्र तिच्यामुळे लहान दिसत होती, हेही त्यांच्या लक्षात आलं. धंद्याची नजर अशी सुटत नाही.

"सगळंच पाऊण मापाचं आहे," ते म्हणाले. "पलंग, कपाट, टेबल. सोफासुद्धा."

"मास्तर फार विनोदी आहेत," मॅडम म्हणाली.

"विनोद म्हणजे?" विहीणबाईंनी डोळे बारीक केले. "बुकिंगच्या दिवशीच बरा सुचला? लेकीनं नव्या घरात जाऊ नये असं वाटतं का तुम्हाला? की आम्ही असं घर घेतोय हे बघवत नाही?"

हे मास्तरांना लागलं. खोटेपणाचा आरोप त्यांनी सोसला असता, हेव्याचा नाही सोसला. त्यांनी टेप काढली, दुसऱ्या खिशातून पांढरी चिकटपट्टी काढली आणि तालमीच्या पहिल्या दिवशी करतात तसं जमिनीवर आखायला घेतलं. मॅडम "मास्तर, फरशी खराब होईल," म्हणत राहिली. खरा पलंग आखला. तो भिंतीपासून निघाला आणि कपाटाच्या पायाला जाऊन भिडला. खरं कपाट आखलं, त्याचं दार उघडण्याची जागा आखली. खोलीचं दार, जे पॉलिशला गेलं होतं, तेही आखलं. शेवटी लेकीला लागतं तेवढं टेबल आखलं. त्याचा निम्मा भाग चौकटीतून बाहेर पॅसेजमध्ये गेला.

जावई आखलेल्या पलंगावर जमिनीवर आडवा झाला. मावला.

"बघा," तो समाधानानं म्हणाला. "मी नॉर्मल आहे."

विहीणबाई पट्ट्यांच्या बाहेर उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. आधी जमिनीवर, मग त्या चिमुकल्या पलंगाकडे, मग पुन्हा जमिनीवर. मास्तरांना वाटलं, आता बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटणार. सुटला, पण भलत्याच दिशेला.

"म्हणजे मास्तर, खोली एवढीच आहे, आणि तुम्ही ती एवढी मोठी करून दाखवलीत?"

"हो."

"मग आमच्याही घरात असंच सगळं करून द्या ना."

मॅडमचं हसू पहिल्यांदाच जागचं हललं. म्हणजे खरं हसू आलं.

"आई," जावई जमिनीवरूनच म्हणाला, "मी झोपायचं कुठे?"

"पलंगावर. कुठे म्हणजे?"

"पाय?"

"तिरका झोप. तुझे बाबा जन्मभर तिरके वागले, मी काही बोलले का? अरे, माझी बहीण दिवसा येणार, तासभर बसणार, सगळं घर हिंडून बघणार आणि जाणार. दिवसा तू ऑफिसात असतोस."

"आणि टेबल, आई?" लेकीनं विचारलं.

"टेबल आहे की! किती गोड दिसतंय खिडकीखाली."

"ह्याच्यावर कोटाची पाठ मावत नाही."

"मग पाठ खाली बेत. नाहीतरी आत्ता तू खालीच बेततेस. इथे निदान शेजारी टेबल तरी असेल." मग त्या मास्तरांकडे वळल्या, आणि आवाजात एकदम आर्जव आलं. "नाही म्हणू नका हं, व्याही. तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. मी बहिणीला सांगणार आहे, आमच्या व्याह्यांनी स्वतः केलंय म्हणून."

मास्तरांनी आयुष्यभर जे जे उभं केलं ते शेवटच्या प्रयोगानंतर मोडलं गेलं होतं. राजवाड्याच्या फळ्यांचं कोर्ट झालं, कोर्टाचं इस्पितळ. कोणी आजवर म्हटलं नव्हतं की हे कायमचं हवंय, आम्ही यात राहणार आहोत. त्यांनी लेकीकडे बघायचं टाळलं.

"बघतो," ते म्हणाले.

"बाबा," लेक उठत म्हणाली. खुर्ची तिच्याबरोबरच उठली, ती तिनं कमरेवरून सोडवली. "तुम्ही बघालच हो. तिथे राहायचं मला आहे."

बुकिंगचा फॉर्म विहीणबाईंनी घरी नेला. घर जावयाच्या आणि लेकीच्या अशा दोघांच्या नावावर व्हायचं होतं, तेव्हा सह्या दोघांच्या लागणार होत्या.

सोमवारी साहेबांचा फोन आला. मास्तरांनी तो उभ्यानं घेतला.

"गिऱ्हाइकासमोर टेप काढलीत म्हणे तुम्ही?"

"हो साहेब."

"आणि सगळं कळल्यावर त्यांनी तसलंच फर्निचर मागितलं?"

"हो."

मास्तर तीन इमारतींना मनातल्या मनात निरोप देऊन मोकळे झाले.

"मास्तर," साहेब शेवटी म्हणाले, "ही आयडिया तुम्ही मला आधी का नाही सांगितली?"

आठवडा संपायच्या आत इमारतीच्या फाटकावर नवीन बोर्ड लागला: 'जसं बघाल, तसंच मिळेल.' फर्निचरसकट. मॅडम आता येणाऱ्यांना स्वतःच सांगत होती की हे खास मापाचं आहे, आणि लोक मान डोलावत होते. एका जोडप्यानं पुस्तकांच्या पाठीही मागितल्या, वर विचारलं, कुठल्या विषयाच्या मिळतील. एका गृहस्थांनी खिडकीतलं झाड मागितलं, कारण त्यांच्या खऱ्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसणार होती. कमोडवरची कुंडी मात्र अजून कोणी मागितली नव्हती. उंच सेल्समन पार्किंगमध्येच होता. त्याच्यामुळे आता पार्किंग लहान दिसायला लागलंय, अशी साहेबांची तक्रार होती.

मास्तरांच्या वर्कशॉपमध्ये पाऊण मापाचे पलंग एकावर एक चढले. सुतारानं हाताखाली दोन माणसं वाढवली. "मास्तर, मला एक सांगा," तो म्हणाला, "आता तर लोक झोपायलाच मागतायत. मग हे अजून लहानच का कापायचं?"

"गिऱ्हाइकाला तसं हवंय."

"गिऱ्हाईक कुठे झोपून बघतंय?"

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, लेक वर्कशॉपवर आली. काखेत तपकिरी कागदाच्या दोन गुंडाळ्या होत्या. पहिली तिनं जमिनीवर पसरली. ते टेबल होतं, तिला लागतं तेवढं, कापून आणलेलं. सुतारानं चारी कोपऱ्यांवर लाकडाचे तुकडे ठेवले. दुसरी पसरायला जमिनीवर जागा उरली नव्हती, म्हणून तिनं ती रंगून वाळत घातलेल्या एका पलंगावर उलगडली.

कागदाचा माणूस होता. नवऱ्याला जमिनीवर झोपवून तिनं कडेकडेनं पेन्सिल फिरवली होती आणि कोटाची पाठ कापावी तसा तो कापला होता. डोकं, खांदे, दोन हात, लांबलचक पाय. पावलं पलंगाबाहेर लोंबत होती.

"जावईबापू हलले नाहीत का हो?" सुतारानं विचारलं.

"गुदगुल्या झाल्या त्याला. डाव्या कुशीत रेघ जरा वाकडी आलीय बघा." मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, हे तुमच्या जावयाचं माप, आणि ते माझ्या टेबलाचं. या मापाचा पलंग आणि या मापाचं टेबल करून द्या."

"अगं, त्या खोलीत ते मावणार नाही. मी आखून दाखवलं ना?"

"मग जिथे मावेल ती खोली आम्ही शोधू. लांब असेल, जुनी असेल, चालेल मला."

"विहीणबाईंनी बहिणीला कळवलंय. फर्निचरची ऑर्डरही दिलीय. लाकूडसुद्धा आणून ठेवलंय, ते बघ." भिंतीशी नव्या फळ्या उभ्या होत्या.

"लाकूड एकच आहे ना? कशाला वापरायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही त्यांचं केलंत तर मी समजेन की बाबांनाही तसंच वाटतं. मग मी सही करून टाकते आणि खाली बसून बेतते. माझं केलंत तर मी सही करत नाही. फॉर्म सोमवारी द्यायचाय."

"हे माझ्या गळ्यात का घालतेस? तुझा नवरा काय म्हणतो?"

"तो म्हणतो, मी झोपून दाखवलं, आता आणखी काय करू?"

सुतार खाली मान घालून हसला. लेक हसली नाही. ती चप्पल घालून निघाली, दारात थांबली. "आणि बाबा, बघतो म्हणू नका."

मास्तर म्हणाले नाहीत.

शुक्रवारी विहीणबाईंचा दोनदा फोन आला. टेबलाचे पाय निमुळते हवेत, आणि उशा माहितीपत्रकातल्यासारख्याच पाहिजेत. दुसऱ्या फोनवर त्यांची बहीण होती. तिला मास्तरांचं कौतुक करायचं होतं, आणि तिच्या हॉलमधल्या सोफ्याचं काही करता येईल का हेही विचारायचं होतं. मास्तर खुर्ची ओढून बसले आणि दोन्ही ऐकलं. साहेबांनी चौथ्या इमारतीचे नकाशे पाठवले. त्यातल्या खोल्या आणखी लहान होत्या. एवढा कलाकार हाताशी असताना मोठ्या कशाला बांधायच्या, असा साहेबांचा निरोप होता.

शनिवारी दुपारी सुतारानं दोन नव्या फळ्या कापायच्या लाकडी घोड्यांवर आडव्या टाकल्या, कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, "मास्तर, कुठलं माप?"

मास्तरांनी टेप उघडली, फळीवर लांबवर ओढली, सोडली. ती सर्रकन परत गेली. "आधी त्या जोडप्याची पुस्तकं चिकटवून घे," ते म्हणाले.

संध्याकाळी सहा वाजता वर्कशॉप बंद झालं तेव्हा फळ्यांवर पेन्सिलीची रेघ नव्हती. कागदी जावई त्याच पलंगावर होता. तो पलंग आदल्या दिवशीच पोचवायला हवा होता, पण मास्तरांनी कागद उचलू दिला नव्हता. विहीणबाईंच्या फॉर्मवर जावयाची सही झाली आहे, शेजारची जागा कोरी आहे, असं मास्तरांच्या बायकोकडून कळतं.